पांढऱ्या घोडीला काळं शिंगरू, मामांचा संशय आणि घोड्याच्या जीनोमचा नकाशा

मखमलाबादकर

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आमचे मामा पंचवटीत राहतात, वरातीला घोड्या देतात. आजोबांचा टांगा होता, नाशिकरोड स्टेशन ते रामकुंड. रिक्षा आल्या, टांगा मोडीत निघाला, पण घरातून घोडं काही गेलं नाही. चार वर्षांपूर्वी मामांनी सारंगखेड्याच्या जत्रेतून एक पांढरीशुभ्र घोडी आणली. विकणाऱ्याने "अस्सल नुकरा" म्हणून पैसेही तसेच मोजून घेतले. नवरदेवाला पांढरीच घोडी लागते, त्यामुळे मामांनी फार घासाघीस केली नाही.

गेल्या वर्षी घोडी लावायला नेली. घोडा कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ-शेपूट), काठेवाडी, चांगल्या उंचीचा. अकरा महिने भरले, घोडी व्याली आणि शिंगरू निघालं काळं कुळकुळीत. झालं! मामांचं डोकं फिरलं. "नुकऱ्याच्या पोटी कोळसा कसा येईल? त्या बाबाने घोडा भलताच लावला." घोडेवाला म्हणतो मी दाखवला तोच लावला. दोघांचं बोलणं बंद आहे.

मी सातपूरला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. घोड्यातलं मला खराऱ्यापलीकडे काही कळत नाही, पण डीएनएबद्दलचं लिखाण समजतं. मामांचं भांडण मिटवावं म्हणून वाचायला बसलो आणि तीन आठवडे त्यातच गेले.

ज्या घोडीवरून घोड्याचा जीनोम, म्हणजे डीएनएचा अख्खा मजकूर, पहिल्यांदा वाचला तिचं नाव ट्वायलाइट. थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात), अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पागेतली. कच्चा मसुदा २००७ साली सगळ्यांसाठी खुला केला आणि सविस्तर शोधनिबंध २००९ च्या नोव्हेंबरात 'सायन्स'मध्ये आला. सुमारे २७० कोटी अक्षरं. प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या वर. गुणसूत्रं ६४, म्हणजे ३२ जोड्या. पुढे २०१८ मध्ये त्याच घोडीच्या डीएनएवर नव्या यंत्रांनी पुन्हा काम करून बरीच भोकं बुजवलेली आवृत्ती काढली.

पण मला जास्त गंमत वाटली ती त्याच्या आधीच्या कामाची. १९९५ मध्ये वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ केंटकीत जमले आणि घोड्याचा नकाशा मिळून करायचा असं ठरलं. तेव्हा अख्खा जीनोम वाचणं परवडणारं नव्हतं. मग काय केलं? आग्रा रोडवर मैलाचे दगड असतात तसे डीएनएवर दगड शोधले. घोड्यांची घराणीच्या घराणी तपासली, आईबापांकडून पिलात कोणत्या दोन खुणा बहुतेक वेळा जोडीनेच उतरतात ते पाहिलं. जोडीने उतरतात म्हणजे रस्त्यावर जवळजवळ आहेत. ताटातूट होते म्हणजे एक ओझरला आणि दुसरी चांदवडला. दुसऱ्या बाजूने चमकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्रावर बसतो ते पाहिलं. अशी दहाएक वर्षं दगड मोजल्यावर ट्वायलाइटची पाळी आली.

त्यातून निघालेली एक गोष्ट मी घरी सगळ्यांना सांगून झाली. घोड्याची निम्म्याहून जास्त गुणसूत्रं अशी आहेत की त्यातल्या एकेकाचा मजकूर माणसाच्या कुठल्यातरी एकाच गुणसूत्रात सापडतो. कुत्र्यात एवढा मेळ बसत नाही, तिथे पानं फार फाटून विखुरली आहेत. मामी म्हणाली, "तरीच तुझे मामा घोड्याशी बोलतात ते त्याला कळतं."

असो. आता मामांच्या शिंगराकडे. घोड्यात केसांना अकाली पांढरं करणारा एक बदल आहे. तो असलेलं शिंगरू काळं, तांबडं, कुमैत, कसंही जन्मतं आणि वर्षागणिक पांढरं होत जातं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या गटाने तो शोधला. एसटीएक्स१७ नावाच्या जनुकात ४६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा छापला गेलाय, बस. जगातले सगळे असे घोडे एकाच जुन्या पूर्वजाकडून हा तुकडा घेऊन आलेत. थोडक्यात, हा बदल रंगाचं जनुक बंद करतो आणि घोडा पांढरा होतो. मामांची घोडीही लहानपणी पांढरी नसणार. घोडेवाला निर्दोष!

चुकलं असेल तर सांगा.

शंकेखोर

म्हणजे शिंगरू आईवर गेलंय आणि संशय बापावर! आपल्याकडे उलटं होतं एरवी.

एक शंका. नाशिकला घोड्यांची ट्राम होती म्हणे, मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, चार घोडे जुंपलेली. तुमचे पणजोबा त्यात होते का?

मखमलाबादकर

ट्राम होती हे आजोबांकडून ऐकलंय. पणजोबा शेतावर होते, उगाच श्रेय घेत नाही.

डॉक्टर_खूर

मी पशुवैद्य आहे, निफाड-पिंपळगाव पट्ट्यात काम करते. लिहिलंय छान, पण एक दुरुस्ती आणि एक प्रश्न.

दुरुस्ती: रंगाचं जनुक बंद होत नाही. उलट होतं. केसांच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्या तुकड्यामुळे त्यांना सारखा पुढे ढकलणारा संदेश मिळतो. त्या वाजवीपेक्षा जास्त वाढतात आणि केसांपुरता त्यांचा साठा लवकर संपतो, म्हणून केस पांढरे. कातडीतल्या पेशी मात्र जागच्या जागी असतात, म्हणून कातडी काळीच राहते. ही गोष्ट लहान नाही, पुढे सांगते का ते.

प्रश्न: मामांच्या घोडीच्या नाकपुड्या आणि ओठ कसे आहेत? गुलाबी की काळे? डोळ्यांभोवतीची कातडी?

नालबंदाचा_नातू

डॉक्टरताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. नुकरा गुलाबी कातडीचाच असतो आणि जन्मतःच पांढरा. ज्याची कातडी काळी आणि केस पिकलेले तो सब्जा. आमचे आजोबा बाजारात घोड्याचा ओठ उलटा करून बघायचे, शेपूट वर करून बघायचे, मग दात. त्यांना कुणी एसटीएक्स सांगितला नव्हता. मामांनी ओठ नाही का पाहिला?

मखमलाबादकर

आत्ताच मामांना फोन केला. नाकपुड्या काळ्या. ओठ काळे. डोळ्यांभोवती काळं. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "त्या वेळी हळद लावलेली होती तोंडाला, आणि वर गोंड्यांचा मोरका."

येवलेकरीण

😀 हळद! आमच्या येवल्यात दसऱ्याच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. लहानपणी बाबांबरोबर जायचे. तिथे मेंदीने पाय रंगवलेले, डोक्यावर तुरे, कपाळाला काहीतरी फासलेलं. वडील म्हणायचे, जे झाकलंय ते आधी बघ.

पण एक विचारते. बाजारात भाव ठरतो तो पंचकल्याणी आहे का, देवमण नावाचा शुभ भोवरा कुठे आहे, बाकीचे भोवरे कुठल्या बाजूला आहेत यावर. चारी पाय पांढरे आणि कपाळावर टिळा असेल तर किंमत लगेच वर. या सगळ्याचं जीनोममध्ये काही आहे का, की नुसतं पिकल्या केसांचंच?

मखमलाबादकर

रंगाचं खूपच हाती लागलंय. मुळात घोड्यात रंगद्रव्यं दोनच, काळं आणि तांबूस. एमसी१आर नावाचं जनुक बिघडलं की काळं बनतच नाही, घोडा नुसता तांबडा. हे १९९६ मध्येच कळलं होतं, म्हणजे जीनोम वाचण्याच्या आधी. दुसरं एक जनुक काळ्याला अंगावरून हाकलून आयाळ, शेपूट आणि पाय एवढ्याच ठिकाणी कोंडतं. तोच आपला कुमैत. पायांचं पांढरं आणि कपाळाचा टिळा यात केआयटी, एमआयटीएफ अशा जनुकांचा हात असतो. भ्रूणात रंगाच्या पेशी पाठीच्या कण्यापाशी तयार होऊन खाली उतरत जातात, खुरापर्यंत आणि कपाळाच्या मध्यापर्यंत पोचता पोचता काही कमी पडतात. पंचकल्याणी म्हणजे शेवटच्या वाड्यांपर्यंत न पोचलेलं टँकरचं पाणी.

शुभ-अशुभ मात्र बाजारातच राहतं.

नालबंदाचा_नातू

टँकरचं उदाहरण सिन्नरच्या माणसाला लगेच पटेल. पण भाऊ, शुभ-अशुभ सोडा, भोवऱ्यावर वीस-वीस हजारांचा फरक पडताना मी स्वतः पाहिलाय. तुमच्या जीनोमला भाव कळतो का?

मखमलाबादकर

नाही कळत काका. ते मान्य.

देवळाली_कॅम्प

आमचे आजोबा तोफखान्यात होते, डोंगरी तोफा खेचरांवर लादायचे. त्यांच्याकडून खेचरांच्या गोष्टी इतक्या ऐकल्यात की घोड्यापेक्षा मला खेचरच जवळचं. घोड्याची ६४ गुणसूत्रं म्हणालात. गाढवाची ६२, खेचराची ६३, विषम असल्याने खेचर वांझ, असं शाळेत शिकलो. पण मंगोलियातल्या रानटी घोड्याची ६६ आहेत असं मध्यंतरी वाचलं, आणि त्याचा आपल्या घोड्याशी संकर झाला तर पिलं व्यवस्थित वितात म्हणे. ६५ सुद्धा विषमच की! मग खेचरावरच अन्याय का?

मखमलाबादकर

हाच प्रश्न मलाही पडला होता.

विषम आकडा हा खरा गुन्हेगार नाही. त्या रानटी घोड्याचं नाव प्रझेवाल्स्की. त्याच्या आणि आपल्या घोड्याच्या गुणसूत्रांत मोठा फरक एकच: त्याच्याकडे जी दोन वेगळी गुणसूत्रं आहेत ती आपल्या घोड्यात टोकाला टोक चिकटून एक झालीत. मजकूर तोच, बांधणी वेगळी. दोन सुट्या वह्या आणि त्यांचं एक जाड बाइंडिंग, एवढंच. पिलाच्या शरीरात बीजपेशी बनताना जाड वहीसमोर दोन सुट्या वह्या नीट लागतात, काम निभतं.

गाढवाकडे ६२ म्हणजे आकडा जवळचा दिसतो, पण आत पानं कापून, उलटी करून, इकडची तिकडे लावलेली आहेत. घोड्याच्या आणि गाढवाच्या वह्या समोरासमोर मांडल्या तर पानाला पान जुळत नाही. बीजपेशी अर्ध्यावर अडतात. क्वचित एखादी खेचरी व्यालेल्याच्या नोंदी आहेत, पण त्या बातमीत येण्याइतक्याच.

याच संदर्भात ट्वायलाइटमध्ये सापडलेली एक भारी गोष्ट. गुणसूत्राला मधे एक कंबर असते, पेशी दुभंगताना तिथेच धरून ओढलं जातं. त्या जागी बहुतेक प्राण्यांत तेच तेच शब्द हजारो वेळा लिहिलेले असतात. घोड्याच्या ११व्या गुणसूत्रात कंबर आहे पण ती पुनरुक्ती नाही. म्हणजे कंबर नव्याने सरकून इथे आलीय आणि गाळ साचायला अजून वेळ मिळालेला नाही. घोडा-गाढव-झेब्रा या घराण्यात गुणसूत्रं एवढी उलटीपालटी का झाली याचा हा एक धागा आहे.

देवळाली_कॅम्प

बाइंडिंगचं पटलं. आजोबा असते तर म्हणाले असते, खेचर वांझ आहे म्हणूनच तोफ वाहतं.

शंकेखोर

आता मुद्द्याचं. घोडा आपला का बाहेरचा? लगेच लढाई करू नका, विचारतोय फक्त.

मखमलाबादकर

लढाई होऊ नये म्हणून नुसतं हाडांवर बोलतो.

२०२१ मध्ये 'नेचर'मध्ये जुन्या घोड्यांच्या २७३ जीनोमांचा अभ्यास आला. हाडं-दात हजारो वर्षांचे, युरोप-आशियाभरचे. त्यात दिसलं की आज जगात जेवढे पाळीव घोडे आहेत त्यांचं मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातल्या गवताळ प्रदेशात आहे. तिथून साधारण ४२०० ते ४००० वर्षांपूर्वी ते झपाट्याने पसरले आणि ठिकठिकाणचे जुने घोडे जवळपास पुसले गेले. पसरलेल्या घोड्यांत दोन जागी ठळक निवड दिसते. एक जनुक पाठीच्या कण्याशी जोडलेलं, दुसरं स्वभावाशी. ओझं सहन करणारी पाठ आणि न बिथरणारं डोकं. माझ्या मते माणसाने घोड्यात सगळ्यात आधी जे शोधलं तेच आजही मामा वरातीच्या घोडीत शोधतात. डीजे लागला तरी उधळली नाही पाहिजे.

अजून जुनं हवं असेल तर कॅनडातल्या युकॉनमध्ये कायम गोठलेल्या जमिनीत घोड्याचं एक हाड सापडलं, सुमारे सात लाख वर्षांपूर्वीचं. त्यातून २०१३ मध्ये जीनोम वाचला. त्यावरून हिशेब केला तर घोडा, गाढव, झेब्रा यांचा सामाईक पूर्वज ४० ते ४५ लाख वर्षं मागे जातो.

नालबंदाचा_नातू

आपल्या घोड्यांचं सांगा हो. युकॉन राहू दे.

मखमलाबादकर

मारवाडीचा पूर्ण जीनोम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अरबी घोड्याची छाप ठळक आहे आणि मंगोलियन घोड्याचीही आहे. आणि त्याचे ते आत वळून एकमेकांना टेकणारे कान! त्यासाठी टीएसएचझेड१ नावाच्या जनुकातला बदल जबाबदार असावा असं त्या अभ्यासात सुचवलंय.

येवलेकरीण

कानाला जनुक! बाबा असते तर नाचले असते. ते कानावरूनच घोडं ओळखायचे, रंग नंतर.

नालबंदाचा_नातू

आणि आपली भीमथडी? भीमेच्या खोऱ्यातली. उंचीला कमी, पण डोंगर चढायला आणि मैलोन्‌मैल चालायला तिच्यासारखं घोडं नाही. मराठ्यांच्या फौजा तिच्यावर फिरल्या. आता धनगरांच्या वाड्याबरोबर दिसते, संसार पाठीवर घेऊन. नाशिककडेही वाडे उतरतात तेव्हा मी मुद्दाम बघायला जातो. इतकी वर्षं तिला कुणी "गावठी तट्टू" म्हणायचं. आता कुठे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे वेगळी जात म्हणून नोंद झाली.

डॉक्टर_खूर

काकांशी सहमत. अशा जातींचा डीएनए जपणं थरोब्रेडपेक्षा जास्त गरजेचं आहे. थरोब्रेडची वंशावळ तीनशे वर्षं लिहिलेली आहे आणि तीच त्यांची अडचण. आजच्या जवळपास ९५ टक्के थरोब्रेड नरांचं वाय गुणसूत्र डार्ली अरेबियन या एकाच घोड्याकडून आलंय, जो १७०० च्या सुमाराला इंग्लंडात आणला होता.

सगळ्याच पाळीव घोड्यांत थोडंफार हेच आहे. आईकडून येणाऱ्या डीएनएत प्रचंड विविधता, बापाकडून येणाऱ्या वायमध्ये फार थोडी. घोड्या ठिकठिकाणच्या, घोडे मोजके. एक चांगला घोडा दिसला की अख्ख्या पंचक्रोशीच्या घोड्या त्याच्याकडे. आपल्याकडेही तेच चाललंय, रीलवर एक घोडा गाजला की राज्यभरातून गाड्या निघतात.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. क्वार्टर जातीचा इम्प्रेसिव्ह नावाचा घोडा, पिळदार अंगाचा, प्रदर्शनं गाजवलेला. त्याची हजारो पिल्लं झाली. स्नायूंना अचानक कंप सुटणं, घोडा खाली बसणं असा आजार त्याच वंशात दिसायला लागला. १९९२ मध्ये स्नायूंच्या पेशीत सोडियम जाण्याच्या वाटेच्या जनुकातला बदल सापडला आणि मग रक्ताची चाचणी आली. तोवर तो सगळीकडे पसरून गेला होता.

सहज_सुचलं

मी पुण्याला रेसला जायचो (सोडलं आता, बायको वाचते इथे). तिकडे "स्पीड जीन"बद्दल फार बोलतात. खरं आहे का?

मखमलाबादकर

मायोस्टॅटिन. २०१० मध्ये आयर्लंडच्या गटाने दाखवलं. स्नायू किती वाढू द्यायचे याला लगाम घालणारं जनुक आहे ते. त्यात एका जागी आईबापांकडून डीएनएचं एकेक अक्षर येतं, सी किंवा टी. दोन सी असतील तर घोडा कमी अंतराला चांगला, दोन टी असतील तर लांब पल्ल्याला, एकेक असेल तर मधल्या अंतराला. पण तो पहिला येईल का हे त्यात लिहिलेलं नसतं. सोडलंत ते चांगलं केलंत.

नालबंदाचा_नातू

आणि रेवाळ चाल? पाण्याचा पेला खोगिरावर ठेवला तरी सांडत नाही अशी. ती रक्तात असते का शिकवावी लागते?

मखमलाबादकर

२०१२ मध्ये आइसलँडच्या घोड्यांवर काम झालं. डीएमआरटी३ जनुकात एका जागी मधेच पूर्णविराम पडलाय. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी डाव्या-उजव्या पायांचा ताल जमवतात त्यांच्यावर परिणाम होतो, आणि घोडा नेहमीच्या दुडकीऐवजी एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू शकतो. तिथे तरी चालीचा मोठा भाग जन्मतःच असतो. बसायला शिकवावं लागतं ते माणसाला.

नालबंदाचा_नातू

हे शेवटचं वाक्य माझ्या आजोबांचं वाटतं.

डॉक्टर_खूर

मूळ मुद्दा राहून जातोय, म्हणून परत येते. मखमलाबादकर, घोडीचं वय किती? शेपटाखाली, गुदाभोवती, कानामागे कडक गाठी आहेत का? मघाशी कातडीत रंगपेशी राहतात म्हणाले ते यासाठी. त्याच तुकड्यामुळे सब्जा घोड्यांत त्या पेशींच्या गाठी होतात. पंधरा वर्षांपुढच्या सब्जा घोड्यांत बहुतेकांना थोड्याफार असतात. बऱ्याच हळू वाढतात, काही घातक ठरतात. तुकड्याची प्रत दोन्ही आईबापांकडून आली असेल तर केस लवकर पिकतात आणि गाठींचा धोकाही जास्त.

मखमलाबादकर

ताई, घोडी बारा-तेराची असेल. मामांना विचारलं. शेपटाखाली वाटाण्याएवढ्या तीन-चार गाठी आहेत म्हणाले. ते त्याला चामखीळ समजून चुना लावत होते.

डॉक्टर_खूर

चुना ताबडतोब बंद. चिघळलं तर अवघड जागा आहे ती. व्यक्तिगत निरोप करते, या आठवड्यात पंचवटीकडे येणं आहे.

आणि शिंगराबद्दल: घोडीकडे तुकड्याची एक प्रत आणि बाप कुमैत असेल तर हे पिलू पांढरं होण्याची शक्यता निम्मी. तिच्याकडे दोन प्रती असतील तर होणारच. पहिले केस झडताना डोळ्यांभोवती बघा, चष्म्यासारखे पांढरे केस दिसले की समजा. घाई असेल तर आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून चाचणीला द्यायचे. कापलेले नकोत, डीएनए मुळात असतो. बाप कोण याचा वाद असेल तर तोही त्याच केसांवरून सुटतो, घोड्याचे केस मिळाले तर.

मखमलाबादकर

(दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय.

केस पाठवावे लागले नाहीत. परवा मामांनी फोन करून बोलावलं. शिंगराच्या दोन्ही डोळ्यांभोवती राखेसारखं वर्तुळ आलंय, आणि पाठीवर काळ्याखाली पांढऱ्या केसांची पेरणी दिसते. मामा त्याच संध्याकाळी घोडेवाल्याकडे गेले, पेढे घेऊन. तो म्हणाला, "पेढे ठेवा, आधी लावणीचे राहिलेले पैसे द्या." दिले.

गाठी ताईंनी पाहिल्या. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं, दर तीन महिन्यांनी मोजमाप. घोडीच्या अंगावरून खोगिराचा शेपटाखालून जाणारा पट्टा काढून टाकलाय, तिथेच घासायचा तो.

सारंगखेड्याच्या त्या विकणाऱ्याला शोधायला मामा दत्तजयंतीला जाणार आहेत. मी म्हटलं, चार वर्षांनी काय मिळणार? म्हणाले, "मिळायचं काही नाही. त्याच्या पुढच्या घोडीचा ओठ उलटा करून बघायचाय."

नालबंदाचा_नातू

मीही येतो म्हणावं. आणि शिंगराचे खूर अजून कुणाला कापू देऊ नका, चार दिवसांत पंचवटीत आहे मी. नाव काय ठेवलं?

मखमलाबादकर

काळ्या. मामी बदलू देत नाही.